‘चालू आहे की!’ म्हणून टेक्निशियन निघून गेला

ताई,

मी चंदगड तालुक्यातली. कोल्हापुरात विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात राहून एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकतेय. ‘कमवा आणि शिका’मध्ये काम करते, त्यामुळे खर्चात बरीच सवलत मिळते. माझी खोली दुसऱ्या मजल्यावर, व्हरांड्याच्या अगदी टोकाला. वसतिगृहात वायफाय आहे, पण आमच्या बाजूला असून नसल्यासारखं. मोबाइलवर कधीकधी लॉगिनचं पानच उघडत नाही. लॅपटॉप मामेभावाचा जुना आहे. त्यावर रेंजच्या रेघा पूर्ण दिसतात, तरी रात्री नऊनंतर साधी पीडीएफ उतरत नाही. रेक्टर मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, कॉम्प्युटर सेंटरला सांगा. सेंटरवाले म्हणाले, वसतिगृहाकडून लेखी आणा. शेवटी एकदा टेक्निशियन आला, सकाळी साडेअकराला. स्वतःचा फोन जोडून बघितला, ‘चालू आहे की!’ म्हणाला आणि गेला. आता मैत्रिणी म्हणतात, प्रत्येकी तीनशे काढू, राऊटर आणू आणि अभ्यासिकेतल्या भिंतीवरच्या पॉइंटला जोडू. मला भीती वाटते. आणि खरं सांगू का, तक्रार करायचीच लाज वाटते. एवढ्या कमी पैशात राहायला मिळतंय, त्यात वर नेटची तक्रार करायची? बाबांना सांगितलं तर म्हणाले, मिळालंय ते बघ, गप्प बस. पुढच्या महिन्यात सेमिनार आहे. काय करू?

— टोकाच्या खोलीतली

*

टोकाच्या खोलीतल्या पोरी,

तुझ्या पत्रात राऊटर आहे, लॉगिन आहे, जुना लॅपटॉप आहे. पण मी अडकले ती ‘लाज वाटते’ या शब्दांपाशी. म्हणून तिथूनच सुरू करते, बाकीचं नंतर.

दसरा चौकातून कधी चालत गेलीस तर आजूबाजूच्या जुन्या बोर्डिंगांकडे जरा थांबून बघ. शाहू महाराजांच्या पुढाकारानं १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग, १९०८ साली तेव्हा अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. अशी एकामागून एक वसतिगृहं या गावात उभी राहिली. शाळेच्या पटावर नाव चढलं म्हणजे पोराच्या शिक्षणाची सोय झाली, असं महाराजांनी धरलं नाही. खेड्यातून आलेलं पोर राहणार कुठं, जेवणार काय, रात्री अभ्यासाला बसणार कुठं, हेही शिक्षणाचंच काम आहे असं समजून त्यांनी त्यासाठी जागा दिल्या, पैसा दिला. त्या मुलांवर कुणी मेहेरबानी करत नव्हतं. तुझ्यावरही करत नाही. तू काम करतेस, शिकतेस, नियमानं राहतेस. आज तुझ्या नोट्स, परीक्षेचा फॉर्म, शिष्यवृत्तीचा अर्ज, सेमिनारचं वाचन सगळं नेटवरून चालतं. तुमच्या मजल्यावरचा नळ आठ दिवस कोरडा राहिला असता तर सवलतीत राहतो म्हणून कुणी गप्प बसलं असतं का? नेटही आता त्याच रांगेत आलंय.

मुलींच्या वसतिगृहात तर जास्तच. मुलांचं नेट गेलं तर ते चपला घालून राजारामपुरीतल्या एखाद्या अभ्यासिकेत किंवा मित्राच्या खोलीवर जाऊन बसतात. तुमचं फाटक ठरलेल्या वेळेला बंद होतं. त्यानंतर खोलीत जे मिळेल तेवढंच तुमचं. २०१९ साली केरळ उच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं होतं. एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी ६ ते रात्री १० मोबाइल वापरायला बंदी होती. एका विद्यार्थिनीनं ती मानली नाही, तिला वसतिगृहातून काढलं, ती कोर्टात गेली. इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या हक्काचा आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयानं सांगितलं आणि तिला परत घ्यायला लावलं. तो निकाल केरळचा, इथल्या वसतिगृहांना जसाच्या तसा बांधील नाही. पण तुझ्या बाबांना वाचून दाखव. तू काही जगावेगळं मागत नाहीस, एवढं त्यांना कळेल.

आता तुझ्या टेक्निशियनकडे येते. मी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये एकोणीस वर्षं काढली, वसतिगृहाच्या नेटच्या तक्रारी माझ्याच टेबलावर यायच्या. त्यामुळे तो माणूस असं का म्हणाला, हे मला माहीत आहे. त्याच्या हातात जी चिठ्ठी दिली जाते तिच्यावर तीनच शब्द असतात, ‘नेट चालत नाही’. कुठल्या खोलीत, किती वाजता, मोबाइलवर की लॅपटॉपवर, काहीच नाही. साडेअकराला तो येतो तेव्हा तुम्ही सगळ्या वर्गात असता. मजला रिकामा, छताजवळच्या वायफायच्या त्या पांढऱ्या डबीवर (तिलाच अॅक्सेस पॉइंट म्हणतात) मोजून चार फोन. तो आपला फोन जोडतो, व्हिडिओ झटक्यात चालतो. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या वेळेला नेट चालूच होतं.

रात्री साडेनऊला त्याच डबीवर पन्नास-साठ फोन आणि लॅपटॉप येतात. वायफायची डबी म्हणजे पंगतीतला एकटा वाढपी. तो एका वेळी एकाच पानावर वाढू शकतो. पंगत दहा जणांची असली तर सगळ्यांना वाटतं आपल्याला लगेच मिळालं. साठ जण बसले की वाट बघावी लागते. आणि त्यात टोकाला बसलेल्या माणसाला नीट ऐकू येत नाही, त्याला प्रत्येक गोष्ट दोन-तीनदा आणि सावकाश सांगावी लागते, तेवढा वेळ अख्खी पंगत थांबते. ती टोकाची तू. तुझं नेट मंद चालतं त्याचा थोडा त्रास जिन्याजवळच्या मुलींनाही होतो. म्हणजे तुझी तक्रार तुझ्या एकटीची नाही.

आणि रेघा पूर्ण दिसतात म्हणून फसू नकोस. त्या रेघा तुझ्या लॅपटॉपला डबीचा आवाज किती ऐकू येतो एवढंच सांगतात. डबीला तुझ्या लॅपटॉपचा आवाज किती येतो, डबीवर गर्दी किती आहे, डबीच्या पलीकडे वसतिगृहाची मुख्य लाइन चालू आहे का, यातलं काहीही त्या रेघा सांगत नाहीत.

तुझ्या पत्रात मला दोन वेगळी दुखणी दिसतात आणि ती एकाच नावाखाली सांगितली की दोन्हीवर इलाज होत नाही. मोबाइलवर लॉगिनचं पान न उघडणं हे एक. रात्री वेग जाणं हे दुसरं.

मोबाइलचं बहुतेक तुझ्याच हातात आहे. अँड्रॉइड फोन असेल तर सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ शोध. तिथं कुठलं नाव भरलेलं असेल, किंवा जाहिराती अडवणारं अॅप किंवा व्हीपीएन चालू असेल, तर लॉगिनचं पान अडतं. ते ‘ऑटोमॅटिक’वर ठेव, व्हीपीएन बंद कर, मोबाइल डाटा दोन मिनिटं बंद ठेव, आणि ब्राउझरमध्ये ‘नेव्हरएसएसएल डॉट कॉम’ हा पत्ता टाक. हल्लीच्या बहुतेक साइट कुलूपबंद असतात, वसतिगृहाची यंत्रणा त्यांच्या जागी स्वतःचं पान दाखवू शकत नाही. ही साइट मुद्दाम बिनकुलपाची ठेवलेली आहे, त्यामुळे तिच्या जागी लॉगिनचं पान समोर येतं. तेवढ्यानं काम झालं तर ती तक्रार कागदावर लिहूच नकोस.

नाही झालं तर आणखी एक गोष्ट बघ. वसतिगृहात शिरताना तुमच्याकडून फॉर्मवर फोनचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कला फोन ओळखता यावा म्हणून असलेला क्रमांक, लिहून घेतला होता का? बऱ्याच ठिकाणी घेतात. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून फोन वायफायला आपला खरा मॅक पत्ता दाखवत नाही, बनवलेला दाखवतो. तुझ्या खासगीपणासाठी ते चांगलंच आहे. पण यंत्रणेत तुझा खरा पत्ता नोंदवलेला आणि दारात उभा राहिलेला फोन दुसराच पत्ता सांगतोय, म्हणून आत घेत नाहीत, असं होतं. वसतिगृहाच्या वायफायच्या नावावर जाऊन फक्त त्या एका जोडणीपुरतं ‘फोनचा मॅक वापरा’ असं निवड. बाहेर स्टँडवर, हॉटेलात वगैरे ते बदलायची गरज नाही.

लॅपटॉप जुना आहे म्हणालीस. उजव्या कोपऱ्यातली तारीख आणि वेळ बरोबर आहे का? हसू नकोस. जुन्या मशिनची आतली छोटी बॅटरी संपली की बंद करून चालू केल्यावर तारीख मागे जाते, आणि तारीख चुकीची असली की अर्ध्या साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाहीत. माझ्याकडं अशी एक मुलगी तीन आठवडे हेलपाटे घालत होती. बॅटरी बदलल्यावर तिचं काम झालं. नंतर वायफायच्या माहितीत ‘नेटवर्क बँड’ काय लिहिलंय ते बघ. तिथं कायम २.४ गिगाहर्ट्झच दिसत असेल तर तुझा लॅपटॉप जुन्या, गर्दीच्या रस्त्यानंच जाऊ शकतो. या पट्ट्यात एकमेकांना धक्का न देणारे मार्ग तीनच असतात, १, ६ आणि ११. आणि मुलींनी फोनवरून लावलेले हॉटस्पॉटही बऱ्याचदा याच पट्ट्यात घुसतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा असतो, पण भिंतीपार नीट जात नाही. यूएसबीला लागणारं दोन्ही पट्ट्यांचं छोटं वायफाय अडॅप्टर हजाराच्या आत-बाहेर मिळतं. मात्र खोलीत डबीचा ५ चा सिग्नल पोचतच नसेल तर ते पैसे वाया जातील. आधी मैत्रिणीचा नवा फोन तुझ्या पलंगावर ठेवून बघ, तो कुठला पट्टा पकडतो ते.

एवढं करूनही रात्रीचं दुखणं राहणारच, कारण ते तुझ्या मशिनमध्ये नाही. त्यासाठी पाच रात्री मोजमाप कर. रात्री साडेनऊला खोलीत वेग मोज, लगेच जिन्याजवळच्या डबीखाली जाऊन मोज, आणि सकाळी सातला परत खोलीत मोज. तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेव. डबीखाली चांगलं आणि खोलीत वाईट आलं तर सिग्नल पोचत नाही, तुमच्या टोकाला आणखी एक डबी हवी. रात्री डबीखालीही वाईट आणि सकाळी दोन्हीकडं चांगलं आलं तर त्या डबीवर गर्दी आहे, नाहीतर अख्ख्या वसतिगृहाची लाइनच कमी पडतेय. खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीनं त्याच वेळी मोजलं की या दोघांतलं कोणतं ते कळेल. हे समजून घेणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण डबी हलवायचं काम आठवड्यात होऊ शकतं. लाइनचा वेग वाढवायचा तर टिपणी फिरते, मंजुरी लागते, त्याला वेळ जाणारच. काय मागतोय हे माहीत असलं की किती थांबायचं हेही कळतं.

मग कागद लिही. तोंडी सांगितलेलं जिन्यातच राहतं. मी असा लिहिला असता, आकडे तुझे घाल:

‘मा. रेक्टर, मुलींचे वसतिगृह. प्रत: संगणक केंद्र. विषय: दुसऱ्या मजल्याच्या पूर्व टोकाला रात्री ९ ते ११ इंटरनेट न मिळण्याबाबत. महोदया, सोमवार ते शुक्रवार या पाच दिवसांत खोली क्रमांक अमुक ते अमुक या पाच खोल्यांत वायफाय जोडले जाते, लॉगिन होते, परंतु रात्री ९ नंतर पाने उघडत नाहीत. रात्री साडेनऊला खोलीत वेग अर्धा एमबीपीएस, त्याच वेळी जिन्याजवळ ६, सकाळी ७ वाजता खोलीत १२. स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. विनंती की, या बाजूच्या अॅक्सेस पॉइंटवरील रात्री ९ ते ११ चा भार तपासावा आणि टोकाला आणखी एक अॅक्सेस पॉइंट बसविण्याबाबत कळवावे. पाचही खोल्यांतील विद्यार्थिनींच्या सह्या.’

बस. ‘वारंवार सांगूनही’, ‘अत्यंत गैरसोय’ असलं काही नको. असे कागद मी खूप वाचले, त्यातून काय करायचं ते कळत नाही आणि वाचणारा मात्र दुखावतो. ‘कळवावे’ हा शब्द ठेव, त्यामुळे उत्तर देणं भाग पडतं. दोन प्रती काढ. एक कार्यालयात दे आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नकोस. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तर शांतपणे म्हण, ‘सर, पोच द्या, मला फाइलला लावायचीय.’ देतात. आवक क्रमांक पडला की तो कागद कुणाच्या तरी टेबलावर मोजला जातो.

एकाच अर्जावर दोघांची नावं घालायला सांगितलं त्यालाही कारण आहे. खोली आणि भिंत वसतिगृहाची, जाळं कॉम्प्युटर सेंटरचं, आणि डबी बसवणारा बहुतेक बाहेरचा कंत्राटदार, वर्षाच्या देखभालीच्या करारावर. तिघंही प्रामाणिकपणे म्हणू शकतात, हे माझं नाही. एकाच कागदाची प्रत दोघांना गेली की मॅडमना सेंटरकडं बोट दाखवता येत नाही आणि सेंटरला ‘वसतिगृहाकडून लेखी आणा’ म्हणता येत नाही.

टेक्निशियनला रात्री नऊला बोलवा, असं मात्र मागू नकोस. मुलींच्या वसतिगृहात त्या वेळेला त्याला सोडणार नाहीत आणि ते योग्यच आहे. त्यापेक्षा सेंटरला विचार, रात्रीचा भार ऑफिसात बसून बघता येतो का. मोठ्या जाळ्यांत प्रत्येक डबीवर कधी किती फोन होते, हे एकाच ठिकाणी दिसतं. तेवढं एकदा उघडून बघितलं की साडेअकराचा ‘चालू आहे की’ आपोआप संपतो.

आता राऊटर. नको. मैत्रिणींनी पैसे काढले असतील तर परत कर.

आमच्या कॉलेजच्या वसतिगृहात एका दिवाळीच्या सुट्टीनंतर अख्ख्या मजल्याचं नेट गेलं. जवळपास चाळीस खोल्या. फोन जोडलेले दिसायचे, पान एकही उघडायचं नाही. आम्ही स्विच, म्हणजे मजल्यावरच्या सगळ्या वायरी जिथं येतात ती पेटी, बदलला, वायरी तपासल्या, कंपनीच्या माणसाला बोलावलं, दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला आणि मी सहज त्याला मिळालेला आयपी पत्ता, म्हणजे जोडलेल्या प्रत्येक मशिनला जाळ्यात मिळणारा क्रमांक, बघितला. आमच्याकडं सगळ्यांचे पत्ते १० नं सुरू व्हायचे. त्याचा होता १९२.१६८.०. पुढं काहीतरी. तेव्हा कळलं, मजल्यावर दुसरं कुणीतरी पत्ते वाटतंय. स्विचमधली एकेक वायर काढत गेलो. चौदाव्या वायरीला नेट आलं. त्या खोलीत लोखंडी कपाटावर, टॉवेलखाली झाकून ठेवलेला एक छोटा राऊटर होता. त्या पोरानं घरून आणलेला. भिंतीतली वायर त्यानं निळ्या भोकात घालायची ती पिवळ्यात घातली होती. झालं एवढंच. पण त्यामुळे मजल्यावरचा प्रत्येक फोन ‘मला पत्ता द्या’ म्हणाला की हा राऊटर आधी उत्तर द्यायचा आणि सगळ्यांना स्वतःकडं, म्हणजे बंद गल्लीत, वळवायचा. तो पोरगा पांढराफटक पडला होता. त्याला नेटवर्कची परीक्षा द्यायची होती, सराव करायचा होता. मी त्याला रागावले नाही, पण त्याची तोंडी माफी लेखी झाली आणि त्याच्या घरी पत्र गेलं. ते मला आजही बरं वाटत नाही.

तुम्ही वायर बरोबर भोकात घातली तरी दुसरा प्रश्न राहतोच. तो राऊटर कुणाच्या तरी एकीच्या लॉगिननं चालणार. मग पाच जणींचं नेटवरचं सगळं येणं-जाणं त्या एकीच्या नावावर. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांना अशा नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. उद्या त्या राऊटरवरून कुणी काही भलतं केलं, अगदी मैत्रिणीच्या पाहुण्या मुलीच्या फोनवरून, तरी विचारणा जिचं लॉगिन तिला होणार. तू ‘कमवा आणि शिका’तली. तुझ्या नावावर ते नको. पासवर्ड बहिणीलाही देऊ नये, हे तुला माहीत असेलच.

अभ्यासिकेतला भिंतीवरचा पॉइंट वापरायचा असेल तर तो उघडपणे माग. त्याच अर्जात एक ओळ वाढव, ‘अभ्यासिकेतील लॅन पॉइंट चालू करून मिळावेत.’ वायरीवर वाढप्याची पंगत नसते, प्रत्येकीला स्वतंत्र ताट. नव्या पातळ लॅपटॉपला वायरीचं भोक नसतं, त्याला यूएसबीचं अडॅप्टर लागतं. तुझ्या जुन्या लॅपटॉपला ते बहुतेक असेलच, डाव्या-उजव्या कडेला बघ, मोठ्या टेलिफोन पिनसारखं चौकोनी भोक. ‘कॅट ६’ प्रकारची नेटची तीन मीटरची वायर पुरे. तुमच्या बॅगेतली ही वस्तू नियमाविरुद्ध आहे असं कुणी म्हणणार नाही. फक्त एप्रिल-मे महिन्यात वळवाचे ढग कडकडायला लागले की वायर लॅपटॉपमधून उपसून ठेव. विजेच्या एका लोळात स्विच आणि त्याला जोडलेल्या लॅपटॉपची भोकं जळालेली मी दोनदा बघितलीत.

अर्ज देऊनही कुणी हललं नाही तर? आधी दहा-बारा दिवस जाऊ देत. मग आवक क्रमांक घालून एक स्मरणपत्र. तरीही नाही तर विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२३ चे विद्यार्थी तक्रार निवारण विनियम आहेत. त्यानुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. कबूल केलेल्या सुविधा न मिळणं हीसुद्धा त्यात तक्रार धरली आहे. म्हणून वसतिगृहाचं माहितीपत्रक शोध, त्यात ‘वायफाय सुविधा’ छापलं असेल तर त्या पानाची झेरॉक्स जोड. समितीनं शक्यतो १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या विद्यार्थी-तक्रार लोकपालाकडं (ऑम्बड्सपर्सन) अपील करता येतं. माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्जही आहे, ३० दिवसांत उत्तर. पण एक मनापासून सांगते, सुरुवात तिथून करू नकोस. पहिलाच कागद समितीकडं गेला की समोरची माणसं कामाला लागायच्या ऐवजी बचावाला लागतात. तुझ्या रेक्टर मॅडमना आधी काम करायची संधी दे. त्यांनाही सेंटरकडं भांडायला तुझ्या स्क्रीनशॉटसारखा कागद हवाच असतो.

सेमिनार मात्र या सगळ्याची वाट बघणार नाही. म्हणून पुढचा महिना रात्रीच्या नेटवर अवलंबून राहू नकोस. शोधनिबंध दिवसा ग्रंथालयात बसून उतरवून घे आणि रात्री खोलीत वाच, वाचायला नेट लागत नाही. तुमचं विद्यापीठ सरकारी असेल तर ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून जवळपास १३,००० नियतकालिकं तुला २०२५ पासून मोफत वाचता येतात. पैसे मागणारं पान दिसलं की मागं फिरू नकोस, कॅम्पसच्या नेटवरून उघडून बघ. सुट्टीत चंदगडला गेल्यावर ते घरून कसं उघडायचं, त्याचं लॉगिन ग्रंथालयात विचारून घे. हे विचारायला फार कमी मुलं जातात, ग्रंथपालांना बरं वाटेल. सेमिनारच्या स्लाइड पेन ड्राइव्हवर आणि फोनवर, दोन्हीकडं ठेव, आणि आतला व्हिडिओ लिंकनं जोडू नकोस, फाइल आत घाल.

आणि घाईत एक चूक करू नकोस. नेट दुरुस्तीसाठी गुगलवर सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरला फोन करू नकोस. समोरचा माणूस एखादं अॅप घ्यायला सांगून तुझा स्क्रीन बघायला मागेल. कॉम्प्युटर सेंटरच्या कुणालाही तुझा ओटीपी किंवा पासवर्ड लागत नाही. कधी पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, दुसऱ्या दिवसाची वाट न बघता.

आज रात्री साडेनऊला पहिलं मोजमाप कर. शेजारच्या चार खोल्यांच्या दारावर टकटक करून त्यांनाही त्याच मिनिटाला मोजायला सांग. आणि अर्जाची पोच मिळाली की आवक क्रमांक मला लिहून पाठव. तो कागद कुठवर पोचला, हे मला विचारत राहायचं आहे.

— तुझी ताई